दरातले शून्य कुठे गेले?

गेल्या खेपेला आपण वजनकाटा आणि पिशवीवरचे लेबल यांविषयी बोललो. आज त्याच वाटेने थोडे पुढे जाऊ. आता पुष्कळ घरांतली शिकती मुले घरच्या मालासाठी इंटरनेटवर स्वतः पान तयार करतात. ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण पान तयार झाले म्हणजे काम संपले, असे नाही. आमच्या घरी काय घडले ते ऐका.

ढाणकी हे आमचे गाव उमरखेड तालुक्यात. पैनगंगा ओलांडली की पलीकडे मराठवाडा. आमची हळकुंडे बहुतेक हिंगोलीच्या बाजारात जातात. थोडी मात्र घरी राखून दळतो आणि ओळखीच्या लोकांना पाठवतो. गेल्या वर्षी माझ्या पुतणीने या पुडीसाठी एक वेबपान तयार केले. वर शेताचा फोटो, खाली मालाचा तक्ता, शेवटी फोन नंबर. आम्ही सगळ्यांनी तिची पाठ थोपटली.

वैशाखात पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. "पाच किलो पाठवा," म्हणाले. मी हिशेब सांगितला, किलोला २४० रुपये. ते एकदम बिथरले. "तुमच्या पानावर स्वच्छ २४ लिहिले आहे. शेतकऱ्याचे घर म्हणून विश्वास ठेवला, आणि तुम्हीही असेच?" फोन बंद.

मंडळी, त्या रात्री जेवण गोड लागले नाही. दोन पिढ्या व्यवहार केला, पण मापात किंवा शब्दात खोटेपणा केल्याचे कुणी म्हटले नव्हते. पुतणीला विचारले तर ती रडवेली झाली. "काका, माह्या कम्प्युटरवर त सगळं बराबर दिसते. मोबाईलवरबी दिसते!" तिने दाखवले. खरेच, २४० होते. मग आमच्या आईचा जुना, लहान मोबाईल आणला. त्यात २४. शून्य पडद्याच्या काठाबाहेर गेले होते.

आता कारण पाहू. वेबपानाची रुंदी पिक्सेल नावाच्या मापात धरतात. पुतणीचा मोबाईल त्या मापाने ४१२ रुंद आणि आईचा ३६०. तक्त्याची रुंदी मात्र तिने ३८० अशी ठोकून बसवली होती. मोठ्या पडद्यावर तक्ता मावला, लहानावर २० पिक्सेल बाहेर गेला. दर शेवटच्या रकान्यात, उजव्या काठाला चिकटून होता. त्यामुळे नेमके शून्य कापले गेले.

तरी बाहेर गेलेला भाग बोटाने सरकवून दिसायला हवा होता. तो का दिसला नाही? तर पान आडवे हलते म्हणून कुणीतरी तिला 'ओव्हरफ्लो हिडन' असे लिहायला सांगितले होते. त्याचा अर्थ, बाहेर जाणारे झाकून टाक. पान हलायचे थांबले आणि सगळ्यांना वाटले, दुरुस्त झाले. बांध पाझरतो म्हणून त्यावर ताडपत्री अंथरावी, तसा हा प्रकार.

तेव्हा पहिला नियम हा की झाकू नका, शोधा. झाकणारी ओळ आधी काढा. मग पानातल्या प्रत्येक चौकटीला तात्पुरती लाल 'आउटलाइन' द्या. 'बॉर्डर' देऊ नका, तिने रुंदी वाढू शकते; आउटलाइनने जागा हलत नाही. कोणती चौकट काठाबाहेर जाते ते लगेच दिसते. एवढ्याने सापडले नाही, तर ठिबकची गळती शोधताना करतो तेच करा. अर्धी लाइन बंद करून पाहतो ना? तसा पानाचा खालचा अर्धा भाग काढून पाहा. हलणे थांबले तर दोष त्या अर्ध्यात. पुन्हा त्याचे अर्धे करा. चार-पाच खेपांत चोर हाती लागतो. मूळ पानाची एक प्रत मात्र आधी बाजूला ठेवा.

आता नेहमी आढळणारे दोष आणि त्यांवरचे उपाय सांगतो.

सगळे पान मोबाईलवर दिसते, पण अक्षरे मुंगीएवढी? तर पानाच्या 'हेड' भागात 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ राहिली आहे. ती नसली की मोबाईल समजतो, हे पान मोठ्या पडद्याचे आहे. मग तो सुमारे ९८० पिक्सेल रुंदी धरून सगळे आक्रसून दाखवतो. २००७ साली आयफोन आला तेव्हा जुनी पाने त्यावर दिसावीत म्हणून ही सोय झाली होती. व्ह्यूपोर्टच्या ओळीत रुंदी 'डिव्हाइस-विड्थ' आणि सुरुवातीचे प्रमाण १ लिहा. बोटांनी पान मोठे करण्याची सोय मात्र बंद करू नका. घरोघरी वडीलधारी माणसे आहेत.

फोटो बाहेर जात असेल तर त्याला 'मॅक्स-विड्थ' १०० टक्के आणि उंची 'ऑटो' द्या. म्हणजे चौकट असेल तेवढ्यात तो बसतो आणि ताणलाही जात नाही.

तक्ता मोठाच ठेवणे भाग असेल, तर त्याला वेगळ्या चौकटीत घालून त्या चौकटीला 'ओव्हरफ्लो ऑटो' द्या. मग तेवढा तक्ता सरकतो, पान स्थिर राहते. आम्ही मात्र तक्ताच काढला. चार वस्तूंना तक्ता हवा कशाला? "हळद पूड, १ किलो, २४० रुपये" अशी एकेक ओळ लिहिली. ती कुठल्याही पडद्यावर मावते, नाही मावली तर खाली वळते.

यामागचे तत्त्व सोपे आहे. रुंदी आकड्यात न बांधता पडद्याच्या प्रमाणात ठेवावी. इथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने २०१० साली लेख लिहून या पद्धतीला 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव दिले. आपल्याकडे पाहुणे वाढले की पंगत सरकवून घेतात, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या मराठीची दुखणी थोडी वेगळी आहेत. इंग्रजी पानाचा नमुना उचलून त्यात मराठी भरले की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. 'लाइन-हाइट' १.६ च्या आसपास ठेवा, ओळी मोकळ्या होतात. मथळ्याला शोभा म्हणून अक्षरांत अंतर वाढवू नका. आपली शिरोरेखा तुटते आणि शब्द वाचताना अडखळायला होते.

दुसरे असे की आमच्या पिशवीवरचा मजकूर छापखान्यातून फाइलमध्ये आला होता. तो पानात घातला तर निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. कारण जुन्या छपाईच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फाँट नसलेल्या मोबाईलला आतली इंग्रजी अक्षरेच दिसतात. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा सरळ पुन्हा टाइप करा, आणि पानाच्या डोक्यावर 'यूटीएफ-८' ही नोंद असू द्या. बदलून घेतलात तर आकडे आणि जोडाक्षरे नजरेखालून घाला, तिथेच चुका राहतात. फाँट निवडायचा तर मुंबईच्या एक टाइपने तयार केलेला 'मुक्त' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' घ्या. दोन्ही मोफत आहेत.

शेवटची गोष्ट तपासणीची. ज्याने पान तयार केले त्याला त्यातला दोष दिसत नाही, कारण काय लिहिले आहे ते त्याला पाठ असते. पान घरातल्या सर्वांत लहान मोबाईलवर उघडा. मोबाईलची अक्षरे मोठी करून पुन्हा पाहा. मग पान न पाहिलेल्या माणसाला दर आणि फोन नंबर मोठ्याने वाचायला लावा. आमच्या घरी आता हे काम आईकडे आहे. दर बदलला की पुतणी मोबाईल घेऊन तिच्यापुढे बसते.

आणि ते पुण्याचे गृहस्थ? मी दुसऱ्या दिवशी फोन करून चूक कबूल केली. एक किलो पूड २४ रुपयांतच पाठवली. वहिनी म्हणाल्या, "मोबाईलच्या चुकीचा भुर्दंड आपण का सोसायचा?" मी म्हणालो, "मोबाईल त्यांचा, पण पान आपले. त्यांनी जे वाचले ते आपल्याच दारात वाचले." बाकीच्या चार किलोंची मागणी अजून आलेली नाही. येईल तेव्हा येईल.

या रविवारी तुमच्या घरचे पान असेच तपासून पाहा. कोणता आकडा काठाबाहेर गेलेला सापडला, ते मला जरूर कळवा.