शीण म्हणजे आळस नव्हे

आमचा परदेशीपुरा हा गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्यांचा मोहल्ला. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. परंतु भोंग्याने लावलेली शिस्त घराघरांत अद्याप नांदते आहे. अंथरुणावर असेल तो आजारी आणि उठून बसला तो कामाचा, असा तिचा सरळ हिशेब. केमोथेरपीतून उठलेल्या माणसावर मात्र या हिशेबाने अन्याय होतो.

कर्करोगावरील ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. रोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेत रक्त घडविणाऱ्या, आतड्याच्या अस्तरातील आणि केसांच्या मुळांतील पेशीही त्यांत सापडतात. म्हणून रक्त उणावते, अन्नावरची वासना उडते, केस गळतात. उपचार संपल्यावर केस साधारणतः दोन-तीन महिन्यांत पुन्हा दिसू लागतात. शीण मात्र अनेकांच्या अंगात कित्येक महिने रेंगाळतो. रात्रभर झोप घेऊनही तो उतरत नाही. कधी साधा शब्द आठवत नाही, कधी दुधाचा हिशेब चुकतो.

डोक्यावर केस दिसले, की नातलग म्हणतात, "वहिनी, आता तुम्ही अगदी बऱ्या झालात!" वहिनींनाही बसून राहण्याचा संकोच वाटतो. एखादा दिवस बरा उगवला, की धुणे, पाहुणे, पुरणाचा स्वयंपाक सारे त्या एकदम उरकतात आणि पुढचे तीन दिवस पडून राहतात. मग घरात कुजबूज सुरू होते. ती कुजबूज पुष्कळदा रोगापेक्षा अधिक लागते.

याउलट, मायेपोटी हातही हलवू न देणारी घरेही आहेत. केवळ पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि शीण वाढतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालावे; प्रथम गल्लीच्या टोकापर्यंत, आठवड्याने थोडे पुढे. बऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा अधिक करू नये, वाईट दिवशी थोडक्यात भागवावे. भाजी बसून निवडावी, पोळ्या दुसऱ्या कोणी लाटाव्यात. दुपारची झोप अर्ध्या तासाची असावी. आहारात डाळ, दूध, चालत असल्यास अंडी असावीत. शीण हटत नसेल तर रक्तक्षय, थायरॉईड, निद्रानाश किंवा मनाची उदासी यांची तपासणी करून घ्यावी. या गोष्टींवर इलाज आहेत. उपचारांच्या काळात अथवा त्यानंतर लगेच १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आला, किंवा केव्हाही छातीत दुखले वा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

अभिनेते शरद पोंक्षे यांना २०१८ मध्ये कर्करोगाने गाठले. केमोथेरपी सोसून २०१९ मध्ये ते वसंत कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली' या नाटकातून रंगभूमीवर परतले. अशा पुनरागमनाने धीर येतो. परंतु 'ते उभे राहिले, मग तुम्ही का नाही?' असा त्याचा गज करू नये. रोग, औषधे, वय आणि प्रकृती प्रत्येकाची निराळी. नटाच्या परतण्याला टाळ्या मिळतात. एखाद्या गृहिणीने कित्येक आठवड्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला, तर तिचेही परतणे तेवढ्याच आदराने पाहावे.

वाचकांच्या घरी असे कोणी असेल, तर त्यांना एवढीच विनंती. रोज "बरे वाटते ना?" असे विचारले, की थकलेला माणूस आपले मन राखण्यासाठी "हो" म्हणतो. त्याऐवजी "आज काय जमेल?" असे विचारावे, आणि जे उत्तर येईल ते खरे मानावे.