रमाबाईंना आता चितेवरून खाली उतरवा

रणजित देसाईंची ‘स्वामी’ मला आवडते. म्हणूनच हा लेख तिच्याशी भांडण्यासाठी लिहिलाय. जे पुस्तक आवडत नाही त्याच्याशी भांडायला वेळ कुणाला आहे?

‘स्वामी’ १९६२ साली आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे दूरदर्शनवर मालिका झाली, आणि आमच्या आयांच्या पिढीला माधवराव म्हटलं की रवींद्र मंकणी आणि रमा म्हटलं की मृणाल देव दिसायला लागले. आमच्या पिढीने ही कादंबरी आईच्या कपाटातून काढून वाचली. आता तिच्यावर रील्स निघतात. थेऊरचा नदीकाठ, मागे सनईचे सूर, खाली ओळ: ‘प्रेम असावं तर असं.’ माझ्या मावसबहिणीला लग्नात ‘स्वामी’च्या दोन प्रती भेट मिळाल्या. नव्या नवरीला सतीची गोष्ट! देणाऱ्यांपैकी कुणालाही हे विचित्र वाटलं नाही. मला जे खटकतं ते नेमकं हेच आहे, की आपल्याला हे विचित्र वाटत नाही.

आधी कादंबरीचं श्रेय कादंबरीला देऊ. पानिपत जानेवारी १७६१ चं. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचा मुलगा पेशवा झाला. एकीकडे निजाम, दुसरीकडे हैदर, तिजोरीवर कर्जाचा डोंगर आणि घरात राघोबादादा. राक्षसभुवन जिंकायचं, ज्या काकाच्या मांडीवर खेळलो त्यालाच धोडपला हरवून नजरकैदेत ठेवायचं, आणि हे सगळं क्षयाने पोखरलेल्या शरीरानिशी. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले तेव्हा त्यांचं वय होतं फक्त २७. पानिपतही या मृत्यूपेक्षा मराठी राज्याला जास्त महागात पडलं नाही, असं ग्रँट डफसारख्या ब्रिटिश इतिहासकाराने लिहिलं. देसाईंनी या माणसाला पुतळ्यातून बाहेर काढलं. त्यांचा माधवराव चिडतो, चुकतो, पस्तावतो, काकावर प्रेमही करतो आणि त्याला कैदेतही टाकतो. पुरुषपात्र कसं उभं करावं हे शिकायचं असेल तर ‘स्वामी’ वाचावी.

आणि रमा? रमा गोड आहे. ती वाट बघते, काळजी करते, रुसते, हसते, देवाला साकडं घालते. एक प्रयोग करून बघा. कादंबरी हातात घ्या आणि रमेच्या मनातलं असं काही शोधा, ज्याचा माधवरावांशी संबंध नाही. तिला कशाचा राग येतो? या वाड्यात ती कुणाला घाबरते? गोपिकाबाईंसारखी करारी सासू आणि आनंदीबाईंसारखी चुलतसासू असलेल्या घरात राहताना तिने काय काय गिळलं? मूल झालं नाही याचं ओझं अठराव्या शतकातल्या पेशव्यांच्या सुनेवर केवढं असेल! मी शोधलं. माझ्या हाती जे लागलं, त्याचं टोक शेवटी ‘इकडच्या स्वारी’पाशीच येऊन थांबतं. माधवरावांना राज्य आहे, काका आहे, आजार आहे, सदसद्विवेक आहे. रमेला फक्त माधवराव आहेत. नावातच सगळं आलं. तो राज्याचा स्वामी आणि तिचाही स्वामी.

आता नेहमीचे तीन बचाव येतील. एकेक घेऊ.

पहिला: ‘अहो, रमाबाई खरंच सती गेल्या. देसाईंनी इतिहास बदलायचा का?’ नाही. त्या सती गेल्या हे खरं आहे, थेऊरला मुळा-मुठेच्या काठी त्यांचं वृंदावन आहे. लेखकाने त्यांना वाचवावं असं मी म्हणत नाही. पण घडलेली गोष्ट सांगणं वेगळं आणि तिला प्रेमकथेचा कळस बनवणं वेगळं. राक्षसभुवन जिंकलं हाही इतिहासच आहे, पण देसाई तिथे माधवरावांच्या मनातली घालमेल दाखवतात. मग चितेकडे निघालेल्या तरुण बाईच्या मनात घालमेल नसेल? भीती नसेल? आग बघून पाय क्षणभर तरी मागे ओढला गेला नसेल? माणूस म्हणून तिला एवढं तरी द्यायला हवं होतं. तिच्या वाट्याला आलं ते तेज. बाईला तेज दिलं की तिच्या भीतीबद्दल विचारावं लागत नाही.

दुसरा: ‘तो काळच तसा होता.’ या बचावाला मी सर्वांत जास्त वैतागते, कारण तो काळ तसा नव्हता. पेशव्यांच्याच घरात बघा. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये गेले. राधाबाई सती गेल्या नाहीत, पुढे कितीतरी वर्षं त्या घराच्या कर्त्या होत्या. बाजीराव १७४० मध्ये गेले. काशीबाई सती गेल्या नाहीत, उलट त्यांनी मस्तानीच्या समशेरबहादूरला सांभाळलं. नानासाहेब गेले, गोपिकाबाई सती गेल्या नाहीत, आणि पेशव्यांच्या राजकारणात त्यांचा शब्द किती चालायचा हे ‘स्वामी’च्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पानिपतावर भाऊसाहेब पडले, पार्वतीबाई जगल्या. पुण्याबाहेर बघा. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली खंडेराव होळकर पडले, तेव्हा सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, अहिल्याबाईंना सती जाण्यापासून परावृत्त केलं. माधवराव थेऊरला अखेरचे श्वास घेत होते तेव्हा त्याच मराठी राज्यात एक विधवा बाई माळव्याचा कारभार बघत होती, आणि उत्तम बघत होती. त्याही मागे जा. १६६४ साली शहाजीराजे गेले, तेव्हा जिजाऊंना थांबवलं ते शिवाजी महाराजांनी. आणि याच्या उलट उदाहरण हवं असेल तर सातारच्या सकवारबाई. १७४९ साली शाहू महाराजांमागे त्या सती गेल्या, आणि त्यामागे वारसाचं राजकारण होतं हे इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. म्हणजे सती हा काळाचा अटळ नियम नव्हता. कुणी थांबवायचं, कुणी ढकलायचं, कुणी नुसतं बघत राहायचं, हे सगळं माणसं ठरवत होती. मग थेऊरला कोण थांबवत होतं आणि कोण बघत होतं? तिथे जमलेल्या कर्त्या पुरुषांच्या मनात काय चाललं होतं? खरी कादंबरी तिथे आहे, आणि तिथेच आपले डोळे भरून येतात व पान धूसर होतं.

याच मुद्द्याचं पुढचं टोक. माधवरावांनंतर नऊ-दहा महिन्यांत, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर पेशवाई कुणामुळे टिकली? बारभाईंमुळे, असं आपण शाळेत लिहितो. पण बारभाई कुणाच्या नावाने उभे राहिले? नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. ती जगली, एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि राघोबाच्या हातातून गादी निसटली. म्हणजे ज्या राज्यासाठी माधवराव झिजले, ते पुढे तगून राहिलं ते एका जिवंत विधवेमुळे. तिच्यावर रील्स निघत नाहीत. ‘गंगाबाईसारखी बायको हवी’ असं कुणी म्हणत नाही. कारण जगलेल्या विधवेत आपल्याला प्रेम दिसत नाही. आपल्याला ते दिसतं फक्त मेलेल्या बायकोत.

तिसरा बचाव सर्वांत गोंडस आहे: ‘कादंबरी आहे, कादंबरीसारखी वाचा. १९६२ च्या लेखकाकडून आजचे विचार कसे अपेक्षिता?’ ठीक, आजचे विचार बाजूला ठेवू. १८५७ चे विचार घेऊ. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्या वर्षीची. तिचा विषय काय? हिंदू विधवांची दैना. १८९० च्या दशकात हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमूला स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं, आणि विधवेच्या आयुष्याचा हिशेब वाचकापुढे मांडला. सतीबंदीचा कायदा बंगालमध्ये १८२९ चा. म्हणजे मराठी कादंबरी जन्मली तीच मुळी ‘बाईला काय वाटतं?’ हा प्रश्न विचारत. शंभर वर्षांनी ती थेऊरला पोचली आणि तिने हा प्रश्न विचारणं सोडून दिलं. मागे कोण गेलं? आजचे विचार मागणारी मी, की १८५७ च्याही मागे गेलेली ही प्रेमकथा?

आणि हे फक्त ‘स्वामी’चं नाही. आपल्या ऐतिहासिक प्रणयकथांना एक खोड आहे. प्रेम खरं होतं हे सिद्ध करायला बाई मरावी लागते. बाजीराव-मस्तानीचंच घ्या. मस्तानीच्या मृत्यूबद्दल इतिहासात एकमत नाही, पण २०१५ च्या चित्रपटात दोघं एकाच वेळी प्राण सोडतात आणि थिएटरात हुंदके ऐकू येतात. मागे उरलेल्या काशीबाईंची पुढची अठरा वर्षं कुणाला हवी आहेत? पुरुषाचं प्रेम त्याच्या कर्तृत्वावर मोजायचं आणि बाईचं तिच्या अंतावर.

‘पण यात आज कुणाचं काय बिघडतं?’ असं कुणी विचारेल. ४ सप्टेंबर १९८७. राजस्थानातलं देवराळा गाव. रूपकंवर, वय १८, लग्नाला जेमतेम आठ महिने. ती नवऱ्याच्या चितेवर जळाली, आणि तेराव्या दिवशी तिच्या चुनरी महोत्सवाला हजारो लोक जमले. त्यानंतर सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध केंद्राला कायदा करावा लागला. मी ‘स्वामी’चं नातं देवराळ्याशी जोडत नाही. कादंबरीवर बंदी तर मुळीच नको. पण त्या गर्दीतल्या लोकांना जे वाटत होतं त्याला ते क्रौर्य म्हणत नव्हते. श्रद्धा म्हणत होते, तेज म्हणत होते, पतिप्रेम म्हणत होते. हे शब्द कुठे ना कुठे घडवले जातात. सुंदर भाषेत घडवले गेले तर जास्त टिकतात.

आता चिता नाही, हे मान्य. पण मोजपट्टी तीच आहे. त्याची बदली झाली तर तिने नोकरी सोडावी, म्हणजे प्रेम. त्याच्या आजारपणात तिने स्वतःला विसरावं, म्हणजे प्रेम. तो गेल्यावर तिने लाल रंग घालू नये, पुन्हा हसू नये, दुसरं लग्न तर नाहीच, म्हणजे प्रेम. आपल्या आसपासच्या तरुण विधवांना विचारा, नवऱ्याच्या वर्षश्राद्धानंतर त्यांनी डीपी बदलला तर काय काय ऐकावं लागतं. रमेची गोष्ट आपण ज्या डोळ्यांनी वाचतो, त्याच डोळ्यांनी त्या डीपीकडे बघतो.

म्हणून सांगते, ‘स्वामी’ वाचा, जरूर वाचा. माधवरावांसाठी वाचा, भाषेसाठी वाचा, रडू आलं तर रडा. फक्त रडताना एवढं तपासा की रडू कशाचं आहे. एका विशी-पंचविशीच्या बाईचा जीव गेला याचं, की तिने तो किती सुंदर दिला याचं? पहिलं असेल तर तुम्ही रमाबाईंसाठी रडताय. दुसरं असेल तर तुम्हीही थेऊरच्या काठावर त्या बघणाऱ्यांतच उभे आहात.

आणि लिहिणाऱ्यांना एक विनंती. माधवरावांवर पुष्कळ झालं. आता कुणीतरी रमाबाईंवर लिहा. शेवट बदलू नका. फक्त चितेपर्यंतची वाट तिच्या पायांनी चाला, आणि तिथे पोचेपर्यंत तिला काय वाटत होतं ते खरं खरं सांगा. मग त्या कादंबरीच्या दोन प्रती लग्नात भेट द्यायची हिंमत कुणाची होते ते बघू.