शून्य बिलाचाही हिशेब हवा

मुळा आणि प्रवरा या दोन नद्यांच्या खोऱ्याने महाराष्ट्राला सहकाराचे पहिले धडे दिले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना ही कल्पना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी याच मातीत रुजवली. साखरेपाठोपाठ विजेचा सहकारही येथेच अवतरला. १९६९ साली केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केले आणि शेतकऱ्यांनी वीजवितरण स्वतः सांभाळावे, हा प्रयोग देशात पाच ठिकाणी करून पाहण्याचे ठरले. अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा अनुभव त्यासाठी हाताशी घेण्यात आला होता. गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात श्रीरामपूर ही ती पाच ठिकाणे. श्रीरामपूरची संस्था म्हणजेच मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था.

सुमारे चार दशके श्रीरामपूर, राहुरी आणि लगतच्या तालुक्यांतील गावांना या संस्थेने वीज पुरवली. विद्युत मंडळाकडून घाऊक दराने वीज घ्यायची आणि सभासदांना ती वाटायची, असा हा व्यवहार होता. ३१ जानेवारी २०११ रोजी संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि वितरणाचे काम महावितरणकडे गेले. त्या वेळी दोन हजार कोटी रुपयांहून अधिक थकबाकीचा दावा संस्थेवर होता. शेतीपंपांचे ग्राहक एवढे अधिक असताना हा घाऊक दर परवडण्यासारखाच नाही, असे संस्थेचे म्हणणे होते. वाद आयोगाकडे गेला, न्यायासनापुढे गेला. कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा येथे करायचा नाही. पण गावोगावच्या सामान्य सभासदाला एक प्रश्न आजही विचारावासा वाटेल. ही थकबाकी डोंगराएवढी होईपर्यंत आपल्या वाहिनीवर किती वीज आली, किती वापरली गेली आणि किती वाया गेली, हे आपल्याला कोणी सांगितले होते काय?

या प्रश्नाचे महत्त्व आज वाढले आहे. कारण जो हिशेब तेव्हा मागता येत नव्हता, तो आज कायद्याने मागता येतो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ साली स्थापन झाला. परंतु कारखान्यांना लावलेली शिस्त वीज वाटणाऱ्यांना लागण्यास बराच काळ जावा लागला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने वितरणाचा परवाना असलेली प्रत्येक संस्था, मग ती सरकारी कंपनी असो, महापालिकेचा उपक्रम असो वा सहकारी संस्था, या कायद्याच्या कक्षेत आणली. त्यापूर्वी केवळ मोठी गळती असलेल्या कंपन्यांनाच हे बंधन होते. ऑक्टोबर २०२१ च्या विनियमांनी पुढचे पाऊल टाकले. दर तिमाहीला प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापकाने ऊर्जेचा ताळेबंद मांडायचा, वर्षातून एकदा बाहेरच्या मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाकडून त्याची तपासणी करून घ्यायची आणि तो वार्षिक अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांच्या आत ब्युरोला व राज्याच्या यंत्रणेला देऊन लोकांसाठीही खुला करायचा, असे हे बंधन आहे.

हा ताळेबंद समजण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. उपकेंद्रातून एखाद्या वाहिनीवर शंभर युनिट वीज सोडली आणि बिले ऐंशी युनिटांचीच निघाली, तर वीस युनिटांचा पत्ता नाही. त्यातील काही तारांच्या व रोहित्रांच्या उष्णतेत जातात, ती तांत्रिक हानी. काही आकडे टाकून नेली जातात, काही बंद वा सदोष मीटरमुळे नोंदलीच जात नाहीत. पुढे ऐंशी युनिटांच्या बिलांपैकी नव्वद टक्केच वसूल झाले, म्हणजे पैसे हाती आले ते बहात्तर युनिटांचे. उरलेली अठ्ठावीस टक्के ही एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी होय. २०२१ साली मंजूर झालेल्या केंद्राच्या वितरण सुधारणा योजनेने ही हानी देशपातळीवर १२ ते १५ टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य ठेवले. मात्र लक्ष्य गाठले की नाही, हे सांगणारा आकडा खरा असला पाहिजे. आणि महाराष्ट्राची जुनी दुखरी नस नेमकी येथेच आहे.

ज्या शेतीपंपाला मीटर नाही, त्याचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. मीटर असला तरी त्याचे वाचन दरवेळी होतेच असे नाही. अशा वेळी जी वीज कोठेच सापडत नाही, ती शेतकऱ्याच्या खात्यावर लिहून टाकण्याचा मोह अनावर होतो. शेतीचा वापर वाढवून दाखवला की गळती आपोआप कमी दिसते. नव्वदच्या दशकात राज्य विद्युत मंडळ आपली गळती सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास सांगत असे. १९९९ मध्ये वीज नियामक आयोग आला, आकड्यांची छाननी सुरू झाली आणि तीच गळती तीस टक्क्यांच्या पुढे असल्याचे उघड झाले. मंडळाचे विभाजन होऊन २००५ मध्ये महावितरण अस्तित्वात आली, तरी हा प्रश्न सुटला नाही. २०१६ मध्ये आयोगाने शेतीच्या वापराचा अभ्यास करण्यासाठी कार्यगट नेमला. मुंबईच्या आयआयटीने वाहिन्यांची तपासणी केली. आणि २०२० च्या आदेशात आयोगाने कंपनीने सांगितलेला शेतीचा वापर कमी धरून गळती त्या प्रमाणात वाढवून धरली. वीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन प्रसंगांचा अर्थ एकच आहे. शेतकऱ्याच्या नावावर अशी वीज खर्ची पडत होती, जी त्याच्या विहिरीपर्यंत कधी पोहोचलीच नव्हती.

या खोट्या हिशेबाचे चटके सर्वांना बसतात. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंब आपल्या बिलातील वाढ पाहते आणि शेतकऱ्यांच्या फुकट्या विजेने आपल्याला बुडवले, असा समज करून घेते. बदनाम होणारा शेतकरी मात्र रात्री दोन वाजता, उसात बिबट्या असेल या धास्तीने, हातात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो. व्होल्टेज कमी, म्हणून मोटार जळते. एका डीपीवर क्षमतेपेक्षा अधिक पंप, म्हणून डीपी जळते आणि नवी येईपर्यंत पीक डोळ्यांदेखत सुकते. वीज आली की सगळ्यांचे ऑटोस्विच एकदम मोटारी सुरू करतात आणि भार क्षणात वाढतो. पंपाला कॅपॅसिटर बसवला तर हा ताण हलका होतो, हे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आली आहे. पण तो बसवला म्हणून आपल्या वाहिनीची गळती किती घटली, हे शेतकऱ्याला कोणीच दाखवत नाही. ज्या काटकसरीचे फळ दिसत नाही, ती काटकसर कोण आणि किती दिवस करणार?

२०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आणली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज मिळणार असून सुमारे ४४ लाख शेतकरी तिच्या कक्षेत येतात. अवर्षणाचे चटके सोसणाऱ्या शेतकऱ्याला दिलेला हा आधार योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र विषय आहे. चिंता वेगळीच आहे. बिल शून्य झाले की मीटर वाचण्याची निकड संपते, बंद पडलेला मीटर बदलण्याची घाई राहत नाही आणि चुकीच्या आकड्याविरुद्ध तक्रार करायलाही कोणी उरत नाही. शेतकऱ्याचे बिल शासनाच्या तिजोरीतून भरले जाणार असेल, तर ते किती युनिटांचे आहे हे पाहणे अधिकच अगत्याचे ठरते. कारण ती तिजोरी कर भरणाऱ्या प्रत्येकाची आहे. बिल शून्य असू शकते, हिशेब शून्य असू शकत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. आज मीटर लावाल आणि उद्या पैसे मागाल, हा तो आक्षेप. शेतकऱ्याच्या मनातील ही भीती निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. फुगवलेल्या बिलांचा अनुभव त्यामागे आहे. तथापि फुगवलेल्या बिलांवरील उताराही मीटरच आहे. मोजणी नसेल तेथे अंदाज असतो, आणि अंदाज नेहमी बलवानाच्या सोयीने केला जातो. शिवाय प्रत्येक विहिरीवर पोलीस उभा करावा, असे कोणी म्हणत नाही. वाहिनीवर आणि डीपीवर चालू स्थितीतील मीटर असला, तरी चोरी, गळती आणि खरा वापर यांचा उलगडा पुष्कळसा होऊ शकतो.

याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी हे त्याचे आशादायक उदाहरण ठरू शकते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या पथदर्शी प्रकल्पांत या गावाचा समावेश होता. गावाजवळ सौरऊर्जा निर्माण करायची, शेतीच्या वाहिनीला दिवसा पुरवायची आणि लांबच्या तारांतील हानी टाळायची, ही त्यामागील कल्पना. ज्या गावाने पाण्याचा थेंब मोजून वापरायला शिकवले, त्याला विजेचे युनिट मोजणे अवघड नाही. मात्र सौर प्रकल्पांची मेगावॅटमधील क्षमता सांगून थांबणे पुरेसे नाही. प्रत्येक सौर वाहिनीवर वर्षभरात किती वीज आली आणि किती पंपांना किती तास मिळाली, हेही त्याच अहवालात आले पाहिजे.

म्हणून आता काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. ऊर्जा लेखापरीक्षणाचा अहवाल कायद्याच्या अक्षरापुरता इंग्रजीत प्रसिद्ध करून भागणार नाही. त्यातील वाहिनीनिहाय आकडे मराठीत, एका पानावर, त्या त्या उपविभागाच्या कार्यालयात लागले पाहिजेत आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचले गेले पाहिजेत. शेतीचा वापर अंदाजाने धरला असेल, तर तो अंदाज कसा केला हे तेथेच लिहिलेले असावे. गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही हे काम आपले मानले पाहिजे. पाणलोट, गोपालन, वाचनालय यांप्रमाणेच वाहिनीचा ताळेबंद वाचणे हेही समाजकार्यच आहे. आकडा टाकणारा आपल्या नात्यातला वा आपल्या गटातला आहे म्हणून मौन बाळगणे आणि अधिकाऱ्याने गळती लपवली म्हणून आरडाओरड करणे, या दोन गोष्टी एकत्र शोभत नाहीत.

या जिल्ह्याने आता चौंडीच्या कन्येचे नाव धारण केले आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर मंदिरे, घाट, धर्मशाळा उभारल्या, हे सर्वांच्या ओठी असते. त्या दानधर्माचा खर्च त्यांनी आपल्या खासगीतून केला आणि दौलतीचा पैसा त्यापासून निराळा ठेवला, याचे स्मरण तुलनेने कमी होते. खासगी वेगळी, दौलत वेगळी आणि दोहोंचा हिशेब चोख, ही त्या राज्यकारभाराची शिकवण होती. वीज ही आजची दौलत आहे. मुळा-प्रवरेच्या खोऱ्यातील गावांनी तिचा हिशेब वेळीच न मिळण्याची किंमत एकदा मोजली आहे. अहिल्यानगर हे नाव फलकावर आले. ती शिकवण वाहिनीवाहिनीच्या ताळेबंदात उतरेल, तेव्हाच ते नाव सार्थ होईल.