त्यांनाही मनोऱ्यात घ्या

आयपीएलच्या मॅचमध्ये चौकार बसला की हातात झुपके घेऊन नाचणाऱ्या मुली टीव्हीवर दिसतात. त्यांना चीअरलीडर म्हणतात. पण आमच्या बाईंनी सांगितले की अमेरिकेत चीअरलीडिंग हा खेळसुद्धा आहे. संघ करून मनोरे रचायचे, कोलांट्या मारायच्या, घोषणा द्यायच्या. सगळे दोन-अडीच मिनिटांत. परीक्षक गुण देतात.

ज्यांची बुद्धी सावकाश चालते त्या मुलांचेही असे संघ आहेत. (लोक वेडा म्हणतात, तसे म्हणू नये. बौद्धिक दिव्यांग म्हणावे.) अशा खेळाडूंसाठी युनीस केनेडी श्रायव्हर यांनी १९६८ साली शिकागोला स्पेशल ऑलिंपिक सुरू केले. त्यांची थोरली बहीण रोझमेरी तशीच होती. पुढे २०२२ साली ऑरलँडोला अमेरिकेच्या स्पर्धा झाल्या, तेव्हा त्यांत चीअरलीडिंग पहिल्यांदा घेतले. चीअरलीडर म्हणजे दुसऱ्यासाठी ओरडणारा. आता लोक त्यांच्यासाठी ओरडतात, हे मला फार आवडले.

काही मोठी माणसे म्हणतात, त्यांना स्पर्धा कशाला, बिचारी हरली तर रडतील. मला हे पटत नाही. आम्हीपण कबड्डीत हरलो की रडतो, म्हणून काय आमची कबड्डी कोणी बंद करत नाही. आणि स्पेशल ऑलिंपिकमध्ये ज्याची जेवढी तयारी तेवढ्याच तयारीचा समोर देतात. आपल्या जत्रेत कुस्तीला जोड लावतात ना, तसेच. मग जिंकलो तर खरेच जिंकलो. उगीच दया म्हणून दिलेले बक्षीस मला तरी नको.

दुसरे म्हणतात, पडतील. पण मनोऱ्यात खालचे पाय घट्ट धरतात आणि मागे एकजण झेलायला असतो. आठपर्यंत आकडे मोजत तेच तेच पुन्हा पुन्हा करतात.

आमच्या आळीत असा एक मुलगा आहे. त्याला बेरीज येत नाही, पण लेझीम सुरू झाली की पावले बरोब्बर ठेक्यात टाकतो. आमच्यातल्या कितीतरी जणांचा उजवा-डावा चुकतो! तरी १५ ऑगस्टला त्याला चपला राखायला बसवले.

तिकडे काही संघांत अशी मुले आणि बाकीची मुले एकत्र असतात, त्याला युनिफाइड संघ म्हणतात. माझ्या मते आपणही तसेच करावे. तो आमच्यापेक्षा दांडगा आहे, खालच्या थराला चांगला. २६ जानेवारीला अजून वेळ आहे. शाळा सुटल्यावर सराव करू. मी त्याच्या शेजारी उभी राहून आकडे मोठ्याने म्हणेन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी