क्षमा मिळाली, मग दूर का?

२०१६ साली दयेच्या ज्युबिली वर्षाची सांगता होताना पोप फ्रान्सिस यांनी गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमस्वरूपी दिला. एरवी तो बिशपांकडे असे. काही धर्मप्रांतांत त्यांनी तो धर्मगुरूंनाही दिलेला होता. गर्भपात हे गंभीर पाप आहे, ही शिकवण बदलली नाही. मात्र पश्चात्तापी मनापुढे कृपेला सीमा नसते, हे पोपमहोदयांनी ठामपणे सांगितले. क्षमेनंतरही एखादी भगिनी वर्षानुवर्षे पवित्र कम्युनियनपासून दूर राहत असेल, तर तिला कोणी अडवले? (तिच्यावर दडपण आणणारा पुरुष बहुधा निःशंकपणे पुढे येतो!) स्नानसंस्काराने ती देवाची कन्या झाली आहे; तीच तिची ओळख. क्षमा झालेले पाप पुन्हा निवेदन करण्याची गरज नसते, हे आम्ही धर्मगुरूंनी प्रवचनात किती वेळा सांगितले?