गुडघा दुखतो, पण खोडी कुणाची?

मुलांनो, आज एक कोडं घालते. घराचं दार कुरकुरतंय. आपण बिजागरीत तेल घालतो, तरी कुरकुर काही थांबत नाही. मग सुतारकाका येतात आणि म्हणतात, "अहो, चौकटच कलली आहे!" आता सांगा बघू, खोडी कुणाची?

हे कोडं गेल्या वर्षी माझ्याच वर्गात सुटलं. सहावीतली एक मुलगी, खो-खोत एकदम पटाईत. पण अचानक ती मैदानाच्या कडेला बसायला लागली. "बाई, गुडघा दुखतो." ना पडली होती, ना सूज होती. मी म्हटलं, "पुरे झाल्या सबबी!" त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. कारण तीच मुलगी शाळेचा जिना उतरताना कठडा घट्ट धरून एकेक पायरी उतरायची. मी ते रोज पाहत होते, पण त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

शेवटी आईने तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी तिचा खुबा हलवून पाहिला, मग गुडघा. तिला अनवाणी चालायला लावलं. एका पायावर उभं राहून किंचित वाकायला सांगितलं, तर गुडघा आतल्या बाजूला झुकला! मग त्यांनी तिचे बूट उलटे करून पाहिले. ताईचे जुने बूट, पायाला ढगळ आणि टाचेला आतल्या बाजूने झिजलेले.

बुटांचा आणि गुडघ्याचा काय संबंध? करून पाहा. अनवाणी उभे राहा. आता पावलांची आतली कड मुद्दाम जमिनीकडे दाबा. गुडघे कुठे गेले? एकमेकांकडे वळले ना!

आपल्या एका पावलात २६ हाडं असतात. त्यांची मिळून एक कमान होते. पाऊल टेकलं की ती थोडी दबते आणि धक्का झेलते. पण ती फारच आत कलंडली, तर नडगीचं हाडही आत वळतं. वरून खुब्याचे स्नायू कच्चे असतील, तर मांडीही आत झुकते. गुडघा बिचारा मधल्यामध्ये सापडतो! गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेतून वरखाली सरकते. पाय असा वाकडा वळला की ती खाचेच्या बाहेरच्या कडेवर दाबली जाते. जिना उतरताना, उठाबशा काढताना तर तिच्यावर आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. मग ती दुखणार नाही तर काय!

पण हं, ओल्या पायाचा ठसा सपाट उमटला म्हणून घाबरू नका. लहानपणी बहुतेकांची पावलं सपाटच असतात, कमान हळूहळू घडते. सपाट पावलांची कितीतरी माणसं जन्मभर मजेत धावतात. पाऊल हे गुडघेदुखीचं एक कारण असू शकतं, एकमेव नव्हे. एकदम वाढवलेला सराव हेही एक कारण असतं.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. मूल लंगडत असेल, गुडघा सुजला असेल, ताप असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणखी एक गोष्ट. मुलांमध्ये कधी कधी बिघाड असतो खुब्यात आणि दुखतं मात्र गुडघ्यात! म्हणून "खुबाही तपासा" असं आवर्जून सांगा.

आपल्या खेळाडूचं पुढे काय झालं? मापाचे बूट आले. काही दिवस पळणं कमी झालं. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम रोज सुरू झाले: कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. तीनेक महिन्यांनी ती पुन्हा खांबाला वळसा घालून सुसाट पळाली.

आणि मी? कुणी "बाई, दुखतंय" म्हटलं, की आता आधी विचारते, "कधी दुखतं? चढताना की उतरताना?"

आजचा गृहपाठ सोपा आहे. घरातले सगळे बूट-चपला उलटे करा आणि कोणती कड जास्त झिजली आहे ते पाहा. आजोबांच्या चपला विसरू नका हं!