परोपकार की पर्यटन?

संपादक महाशयांस,
स. न. वि. वि.

आफ्रिकेच्या खेड्यांत जाणारे परदेशी स्वयंसेवक परोपकाराच्या मिषाने निव्वळ पर्यटन करतात, असा जो सरसकट अभिप्राय गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो युगांडातील एका खेड्यात हेच काम केलेल्या मजसारख्यास मान्य होण्याजोगा नाही. तेथील आमचा दिवस हातपंपापाशी, वीस लिटरच्या पिवळ्या डब्यांच्या रांगेशेजारी, पाणीसमितीच्या वर्गणीचा जमाखर्च तपासण्यात सरे आणि रात्री मक्याचा पोशो व राजमा खाऊन संपे. त्या देशात ‘यू-टू’ या नावाने रूढ असलेला हा पंप म्हणजे आपल्या ‘इंडिया मार्क टू’चाच अवतार, व त्याचे मूळ थेट सोलापूरच्या पंपात, परंतु त्याचा वायसर झिजला की जमिनीतील सारे नळ वर ओढावे लागतात, आणि ते ओढणारा मिस्त्री गावचाच असतो.

पत्रलेखकांची एक हरकत मात्र रास्त आहे: मुदत संपताच पाहुणा परततो. म्हणूनच त्याच्या कामाची पारख त्याच्या हेतूवरून न करता, त्याच्या पश्चात वर्गणी नियमित वसूल होते काय आणि सुट्या भागांची तजवीज राहते काय, यावरून व्हावी.

कळावे,
आपला नम्र,
एक माजी स्वयंसेवक